मेलेल्या पेटीचे हिरवे दिवे

१. मी काही केलं नाही

पेटीचा जीव गेला तेव्हा खोलीत दोघे भाऊ आणि धाकट्याची बायको अशी तिघं होती, आणि तिघंही एका सुरात म्हणाली, "मी काही केलं नाही!" एरवी या घरात चहात साखर किती घालायची यावरसुद्धा तिघांचं एकमत होत नाही.

पेटी म्हणजे बारा डिस्कचं, सतत घुमणारं एक लोखंडी कपाट. नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरांना जोडलेलं. दोन भावांच्या कार्टून फिल्म बनवणाऱ्या कंपनीचं सगळं काम त्यातच राहायचं. दोन-अडीच वर्षं खपून केलेली गोगलगायीची फिल्म त्यातच होती. तिची जादा प्रतसुद्धा होती. त्याच पेटीत, 'सुरक्षित' नावाच्या फोल्डरमध्ये. दाराची दुसरी किल्ली घरातच खुंटीला टांगावी आणि बाहेरून कुलूप लावून निघावं, तसला प्रकार.

आणि आज संध्याकाळी गिऱ्हाईक ती फिल्म घ्यायला येणार होतं.

सकाळी सूनबाई, म्हणजे धाकट्या भावाची बायको, पेटीचं फर्मवेअर बदलायला बसली. कंपनीतली सगळी यंत्रं तिच्याच हाताखाली. फर्मवेअर म्हणजे पेटीच्या पोटातला तो प्रोग्रॅम, जो दर वेळी उठल्या उठल्या तिला सांगतो: बाई, तू पेटी आहेस, या तुझ्या डिस्क, आता लाग कामाला. जुन्या फर्मवेअरमध्ये खोट आहे, लवकर बदला, असं पेटी बनवणाऱ्यांनी कधीच कळवलं होतं. सूनबाई तेव्हापासून मागे लागली होती, आणि थोरला भाऊ, ज्याला सगळे दादा म्हणायचे, तेव्हापासून एकच उत्तर देत होता, "चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला?"

शेवटी गिऱ्हाइकानंच अट घातली, की जुन्या फर्मवेअरच्या पेटीतून आलेली फाईल आम्ही आमच्याकडे घेणार नाही. तेव्हा कुठे दादानं आज सकाळी पासवर्ड दिला. तोसुद्धा गळ्यातली साखळी काढून द्यावी तशा चेहऱ्यानं. तोवर तो पासवर्ड त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हता.

अपडेट चढलं. पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली. स्क्रीनवर अक्षरं आली: दोन डिस्क प्रतिसाद देत नाहीत. साठा उघडलेला नाही.

खाली आणखी काही उमटत होतं, पण ते वाचायला कुणाला मिळालंच नाही. "बंद कर! बंद कर!" असं ओरडत दादानं झेप घेतली आणि प्लग भिंतीतून असा उपटला, की भिंतीचा थोडा पोपडाही त्याच्याबरोबर आला.

"मारलंस," तो सूनबाईला म्हणाला. "दोन डिस्क मारल्यास तू."

२. आत्या येते

या घरात भांडण चहाच्या दोन कपांत मिटलं नाही की आत्याला बोलावतात. आत्या आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा देऊन निवृत्त झालेली. कॉपी करणारी पोरं तिनं इतकी पकडली होती, की लग्न ठरवताना नवऱ्या मुलाकडे नुसतं बघून तो दहावी कसा पास झाला हे ती सांगायची.

ती आली तेव्हा अख्खं ऑफिस उकळत्या दुधासारखं वर-खाली होत होतं. धाकटा, म्हणजे फिल्मचा दिग्दर्शक, खुर्चीत बसत होता, उठत होता, पुन्हा बसत होता. आवाजाचं काम बघणारा कानसेन हेडफोन लावून उभा होता. त्या हेडफोनमध्ये काहीच वाजत नव्हतं. दादा पेटीच्या खोलीच्या काचेच्या भिंतीला पाठ टेकून उभा होता. सूनबाई टेबल आवरत होती: स्वतःचा कीबोर्ड, स्वतःचा कप, सगळं एका खोक्यात.

"हे कुठे निघालं?" आत्यानं विचारलं.

"मी निघाले, आत्या. दादा म्हणतात, फिल्म परत आली नाही तर या ऑफिसात मी पुन्हा दिसायला नको."

"मी असं म्हटलं नाही," दादा म्हणाला.

"मग कसं म्हटलं?"

"जरा मोठ्यानं म्हटलं."

आत्यानं खोक्यातून सूनबाईचा कप काढला, त्यात चहा ओतायला सांगितला आणि तिच्यासमोर बसली. "हं. मला कार्टून कळत नाही आणि पेटीही कळत नाही. दुसरीतल्या पोराला सांगतेस असं सांग. पुन्हा चालू करून बघायला काय हरकत आहे?"

"तिथेच तर सगळं अडलंय," सूनबाई म्हणाली. "बारातल्या दोन डिस्क मेल्या तरी उरलेल्या दहा मिळून त्यांच्यातलं सगळं जुळवून देतात. फिल्म वाचते. पण तिसरी मेली की सगळं गेलं. कायमचं."

"मग अजून फिल्म आहे."

"आत्ता आहे. पण त्या दोन कशानं मेल्या? माझ्या अपडेटनं मारल्या असतील, तर चालू केल्याबरोबर ते तिसरीचाही घास घेईल. मग चालू करणं म्हणजे आपल्याच हातानं फिल्मच्या गळ्याला फास. आणि त्या आधीच मेलेल्या असतील, तर अपडेट निर्दोष. बिनघोर चालू करता येईल."

"मग आधीच मेल्या असतील."

"नाही ना!" सूनबाईचा आवाज फुटला. "मी सकाळी सुरुवात करण्याआधी स्क्रीनवर पेटीचं पान उघडून बघितलं, डिस्कची तब्येत दाखवणारं. बाराच्या बारा हिरव्या. मी स्वतः बघितलं, आत्या. मी माझ्याविरुद्धचीच साक्षीदार आहे."

"ऐकलंस?" दादा काचेपाशी उभा राहूनच म्हणाला. "आधी बारा, नंतर दहा. मध्ये कोण होतं? मला वाटतं पेटी दुरुस्तीवाल्यांकडे पाठवू."

"ते कधी देतील?"

"महिना-दीड महिना."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते लगेच जाईल," धाकटा म्हणाला, उठला आणि पुन्हा बसला.

आत्या उठून काचेपाशी गेली. दादा तिच्या आड येईल असा जरासा सरकला. पण आत्यानं परीक्षेच्या हॉलमध्ये खांबाआडून बघण्यात आयुष्य काढलेलं. त्याच्या काखेखालून तिनं आत नजर टाकली. पेटी थंड पडली होती. प्लग जमिनीवर पडला होता. प्रत्येक डिस्कच्या तोंडावर एकेक बारीक दिवा, आणि सगळे विझलेले.

सगळे नाहीत. दोन अजून हिरवे होते.

३. कानसेनाचा कबुलीजबाब

आत्या काचेपासून मागे वळली. कॉपी सापडल्यावर लगेच ओरडायचं नसतं. आधी पोराला अजून दोन ओळी लिहू द्यायच्या.

ती कानसेनाला घेऊन रेकॉर्डिंगच्या खोलीत गेली. भिंतींना स्पंज लावलेला, दार बंद केलं की स्वतःच्या पोटातली गुरगुर ऐकू येईल अशी खोली. पेटीची खोली तिच्या पलीकडेच, मध्ये एक पातळ भिंत.

"तुझं आणि पेटीचं बरं होतं का रे?"

"पेटीचं आणि माझं काय भांडण? ती घुमते, मी सहन करतो." कानसेनानं हेडफोन गळ्यात ओढला. "आत्या, एक सांगायचं होतं. माझ्या हातून एक खून झालाय."

आत्या खुर्चीत सरसावून बसली.

"दोन," तो म्हणाला. "दोन खून."

"कुणाचे?"

"किड्यांचे. रातकिडे. दोन महिन्यांपूर्वी या भिंतीत एक रातकिडा शिरला. रेकॉर्डिंग सुरू केलं की टिर्र, टिर्र, टिर्र. गोगलगाय विहिरीच्या काठावर रडतेय, आणि मागून हा! मी सतरंजी उचलली, स्पंज उचकटला, भिंतीला कान लावून बसलो. सापडेना. रोज दादांकडे गेलो. म्हटलं, दादा, एक तर तो राहील नाहीतर मी."

"मग?"

"दादा म्हणाले, बघतो. मी वाट बघतोय थोडाच! फवारा आणला आणि भिंतीच्या फटीत रिकामा केला. दुसऱ्या दिवशी आवाज बंद. मग पुलाच्या सीनच्या वेळी दुसरा आला. त्याच्या भावाचा सूड घ्यायला आला असणार. पुन्हा दादांकडे गेलो, पुन्हा फवारा, पुन्हा बंद." तो जरा छाती काढून म्हणाला, "मीच मारले दोघांना."

"प्रेतं सापडली?"

"नाही."

"फवारा मारताना तो घाबरून गप्प झाला असेल ना क्षणभर?"

कानसेनाच्या चेहऱ्यावरचा पराक्रम जरा उतरला. "नाही. तोच तर राग. मी फवारतोय आणि तो टिर्र, टिर्र. दम घेत नाही, लय सोडत नाही. असला बिनडोक किडा मी जन्मात पाहिला नाही."

"आहे का आवाज तुझ्याकडे?"

कानसेन पेटीवर कधीच भरवसा ठेवत नसे. त्याची कच्ची रेकॉर्डिंग त्याच्या खिशातल्या रेकॉर्डरवर असायची. त्यानं विहिरीचा सीन लावला. गोगलगाय हुंदके देत होती, आणि तिच्या मागे, घड्याळाला लाजवील अशा नेमानं: टिर्र. टिर्र. टिर्र.

"एवढा शिस्तीचा किडा," आत्या म्हणाली, "मी तर फक्त बोर्डाच्या परीक्षेत घंटा वाजवणाऱ्या यंत्रात पाहिलाय."

४. कधीच न लागलेला हिरवा

दिग्दर्शकाच्या खोलीत अख्खी भिंत भरून एक फळा होता. त्यावर फिल्मच्या प्रत्येक सीनचं चित्र, आणि प्रत्येक चित्रावर रंगीत गोल टिकली. लाल म्हणजे पुन्हा कर. पिवळी म्हणजे विचार करू. फळ्याला लाल-पिवळ्या कांजिण्या झाल्यासारखं दिसत होतं.

"हिरवी टिकली नसते का?" आत्यानं विचारलं.

"असते ना. हिरवी म्हणजे सीन पक्का, आता हात लावायचा नाही."

"एकही दिसत नाही."

"अजून लावली नाही." धाकटा कळवळून म्हणाला, "मन होत नाही गं, आत्या. लावली की संपलं. तू मला सांग, गोगलगाय समुद्राकडे बघते तेव्हा तिचा डावा डोळा जरा जास्त..."

"डोळा राहू दे. हिरव्या टिकल्यांचा कागद दाखव."

त्यानं खण उघडला. कोरा करकरीत कागद, ओळीनं हिरव्या टिकल्या, प्रत्येक जागच्या जागी. फक्त कोपऱ्यातल्या दोन जागा रिकाम्या.

धाकटा त्या दोन जागांकडे बघतच राहिला. "मी... मी नाही काढल्या. आयुष्यात काढल्या नाहीत!"

"तुझ्यावर माझा विश्वास आहे," आत्या म्हणाली. "एवढ्या फिल्ममध्ये तू दोन गोष्टींवर समाधानी झालास, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. तुझ्या खणाला कोण हात लावतं?"

"कुणी नाही. म्हणजे दादा स्टेपलर न्यायला येतो. त्याला हे टेबल आवरलेलं लागतं. त्याला सगळंच आवरलेलं लागतं."

बाहेर सूनबाईनं खोक्याला चिकटपट्टी लावायला घेतली होती. चर्रर्र असा आवाज आला आणि धाकटा ताडकन उठला. "आत्या, काहीतरी कर. ती गेली तर मी एकटा... म्हणजे पासवर्डसुद्धा मला माहीत नाही."

"बायको जाणार याचं दुःख दुसऱ्या वाक्यात आलं असतं तरी चाललं असतं," आत्या म्हणाली आणि बाहेर पडली.

५. सरक

"सगळे काचेपाशी या," आत्यानं हॉलमधला आवाज लावला. निवृत्त झाली तरी तो आवाज निवृत्त झाला नव्हता. सगळे आले. दादा तिथेच होता.

"दादा, सरक."

"मी इथे बरा आहे."

"आल्यापासून बघतेय. सगळे येरझाऱ्या घालतायत, तू एकटा या काचेला पालीसारखा चिकटलायस. कॉपी करणारं पोर कधी कॉपीकडे बघत नाही. ते तिच्यावर बसतं. ऊठ."

दादा सरकला.

"सूनबाई, प्लग कुठे आहे?"

"जमिनीवर."

"म्हणजे पेटीत वीज नाही. मग ते दोन दिवे कशावर चालतायत?"

सूनबाईनं काचेला नाक लावलं. मग आत गेली, वाकली, आणि नखानं एका दिव्यावरून काहीतरी सोलून काढलं. तिच्या बोटाच्या टोकावर हिरवी टिकली होती. मग दुसरी. धाकट्यानं हात पुढे करून त्या घेतल्या. आपल्या खणातली हरवलेली पोरं परत मिळाल्यासारखा चेहरा केला त्यानं.

"चांगली डिस्क हिरवी असते ना? आणि मेलेली?"

"नारिंगी," सूनबाई हळूच म्हणाली.

"हिरव्यावर हिरवं कुणी चिकटवत नाही. यांच्याखाली नारिंगी होतं. म्हणजे या दोन आजच्या नाहीत, आधीच गेलेल्या आहेत."

"पण पानावर बारा हिरव्या होत्या!"

"त्याचं तूच मला सांग. डिस्क मेली की पेटी काय करते?"

"ओरडते. बारीक, टिर्र..." सूनबाई थांबली. कानसेनाचा हात आपोआप हेडफोनकडे गेला आणि तो मटकन खाली बसला.

"मी फवारा पेटीच्या भिंतीवर मारत होतो," तो म्हणाला.

"ओरडते," सूनबाई आता भराभर बोलू लागली, "आणि पानावर खिडकी येते. खाली बटण असतं, 'पाहिलं'. ते दाबलं की ओरडणं थांबतं. आणि जुन्या फर्मवेअरची तीच तर खोट, आत्या! 'पाहिलं' दाबलं की ते पानावर हिरवं दाखवायचं. कुणीतरी पाहिलंय म्हणजे कुणीतरी निस्तरेल, असं धरून चालायचं!"

"आणि ते बटण दाबायला काय लागतं?"

"पासवर्ड."

सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या.

"रातकिडा दोन महिन्यांपूर्वी गप्प झाला," आत्या म्हणाली. "एकदा विहिरीच्या सीनला, एकदा पुलाच्या. तेव्हा पासवर्ड एकाच माणसाकडे होता. सूनबाईला तो आज सकाळी मिळाला. बोल, दादा."

दादानं आधी छताकडे पाहिलं, मग बुटांकडे. "तो रोज येऊन डोकं खात होता," त्यानं कानसेनाकडे बोट दाखवलं. "मी बघतो म्हटलं. पान उघडलं. समोर हा एवढा मजकूर आणि खाली 'पाहिलं'. मी पाहिलं. खोटं नाही बोललो! मी खरंच पाहिलं होतं. वाचलं नव्हतं."

"आणि टिकल्या?"

"पाहुणे येतात, या काचेतून बघतात. एकानं विचारलं, हे दोन नारिंगी कसे? मला वाटलं..." दादाचा आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटलं, दिवा बिघडलाय."

धाकटा हसायला लागला आणि बायकोचं तोंड बघून थांबला.

"आणि आज सकाळी दोन डिस्क म्हटल्याबरोबर तुला कळलं, की त्या कुठल्या," आत्या म्हणाली. "म्हणून तू वाचून होऊ दिलं नाहीस."

सूनबाईकडे दादाला बघवेना.

६. रातकिडा

"चालू कर," आत्या म्हणाली.

सूनबाईनं प्लग उचलून सॉकेटपाशी धरला. हिशेब बरोबर होता, पण हिशेब बरोबर असला म्हणून धीर येतोच असं नाही. अडीच वर्षं, ही नोकरी, हे घर, सगळं त्या तीन पितळी दातांवर येऊन टेकलं होतं. आत्याचं चुकलं असेल तर तिसरी डिस्क आत्ता जाणार होती.

तिनं प्लग लावला.

पेटी घुमली. एकेक दिवा हिरवा होत गेला, लुकलुकायला लागला. दोन पेटले ते नारिंगी. आणि मग भिंतीच्या पोटातून आल्यासारखं: टिर्र. टिर्र. टिर्र.

"तोच!" कानसेन ओरडला. "जिवंत आहे!"

स्क्रीनवर सकाळचीच ओळ आली. दोन डिस्क प्रतिसाद देत नाहीत. साठा उघडलेला नाही. कुणी हललं नाही. दादाला हलायची इच्छा झाली, पण आत्यानं त्याची बाही धरून ठेवली होती. आणि खाली, सकाळी ज्या ओळी उमटता उमटता मेल्या होत्या, त्या उमटल्या: या दोन डिस्क दोन महिन्यांपासून मृत आहेत. उरलेल्या दहा ठीक आहेत. साठा उघडायचा का?

खाली दोनच बटणं होती, 'हो' आणि 'नाही'. 'पाहिलं' नव्हतं.

"दोन श्वास थांबला असतास," आत्या दादाला म्हणाली, "तर मला रिक्षा करावी लागली नसती."

सूनबाईनं 'हो' दाबलं. गोगलगाय जिथे होती तिथेच होती, समुद्राकडे बघत.

मग दुपारभर धांदल उडाली. ऑफिसातल्या प्रत्येक लॅपटॉपवर फिल्मचे तुकडे उतरवून घेतले. कुणी दाण्‌दाण्‌ चालायचं नाही, दार आपटायचं नाही, शिंक आलीच तर जिन्यात जायचं, असा सूनबाईचा हुकूम होता. दादाला तिनं भिंतीच्या सॉकेटपाशी स्टूल टाकून बसवलं.

"मी काय करू इथे?"

"प्लग कुणी उपटू नये म्हणून लक्ष ठेवा."

"कोण उपटणार?"

"तुम्ही," सूनबाई म्हणाली. "म्हणून तुम्हालाच बसवलंय."

दादा बसला. रातकिडा त्याच्या कानाशी वाजत होता, आणि सूनबाईनं नवा पासवर्ड घालून टाकला होता. मध्येच तो पुटपुटला, "सूनबाई, सकाळचं ते... मी जरा मोठ्यानं म्हटलं."

"हेही जरा मोठ्यानं म्हणा, दादा. किड्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

दादा मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. सूनबाईनं खोक्याची चिकटपट्टी फाडली, कीबोर्ड काढला आणि टेबलावर ठेवला.

तिकडे कानसेन विहिरीच्या सीनमधला किडा काढून टाकायला बसला होता. धाकटा त्याच्या मागे उभा राहून ऐकत होता, येरझाऱ्या न घालता. गोगलगाय एकटी रडत होती, आणि काळोखात कुणीतरी न थकता तिला हाक मारत होतं.

"राहू दे तो," धाकटा म्हणाला.

"काय?"

"किडा. राहू दे."

तो फळ्यापाशी गेला आणि हातातली एक हिरवी टिकली विहिरीच्या सीनवर लावली. पेटीवर आधी वापरलेली, त्यामुळे ती नीट चिकटेना. त्यानं अंगठ्यानं दाबून धरली.

गिऱ्हाईक आलं तेव्हा फाईल तयार होती. फाईलचा पेनड्राइव्ह खिशात टाकून त्यानं काचेतून आत पाहिलं. "वा, झकास खोली आहे. पण हे दोन नारिंगी कसे?"

दादानं तोंड उघडलं. आत्या खोकली.

"मेल्यात," दादा म्हणाला. "नव्या उद्या येतायत."

"आणि हा टिर्र-टिर्र आवाज?"

"तो आम्हाला तेच सांगतोय," दादा म्हणाला, आणि स्टुलावरून न उठता, प्लगवर हात ठेवून, आवाज ऐकत बसून राहिला.